गोल करणारी माणसे

नीरा नदीवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा मागे पडतो आणि साताऱ्याच्या हद्दीतले पहिले मोठे गाव लागते, शिरवळ. पाळी सुटायच्या वेळी महामार्गाच्या कडेला कंपन्यांच्या बसगाड्या येऊन थांबतात. उतरणाऱ्यांत भोर, खंडाळा, फलटणकडची पोरे असतात, तशी उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेलीही असतात. अंगात तोच गणवेश, गळ्यात त्याच रंगाचे ओळखपत्र. बसमधून पाय खाली टेकले की मात्र वाटा फुटतात. गावाकडची पोरे मोटारसायकली काढतात, बाकीचे भाड्याच्या खोल्यांकडे वळतात. चहाच्या टपरीवरसुद्धा दोन घोळके वेगवेगळे उभे राहतात. भांडण नसते. बोलणेही नसते.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘शेजार’ हा विषय काढला आणि शोध सुरू झाला तो याच टपरीपासून. आठ तास एका मशीनवर उभी राहणारी ही तरुण माणसे उरलेल्या सोळा तासांत एकमेकांना भेटतच नाहीत. त्यांना एकत्र बसवायचे तर ते कोण करणार? आणि जो करणार, त्याला ते कुठे शिकायला मिळणार? वेगवेगळ्या भाषांच्या, चालीरीतींच्या तरुणांना एकत्र आणून त्यांच्याकडून एकमेकांविषयी शिकून घेणे, हे आंतरसांस्कृतिक शिक्षणाचे काम युरोपात रीतसर शिकवले जाते. महाराष्ट्रात ते वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या वाटांनी झाले आहे. त्यातल्या बऱ्याच वाटा सातारा-सांगलीतूनच जातात.

वाटेवरचे गाव

शिरवळला परका माणूस नवा नाही. गावाजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, गावात जुनी दगडी पाणपोई आहे आणि नदीकाठी सुभानमंगळ गढीचे अवशेष आहेत. १६४८ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने ही गढी लढून घेतली. घाटावरून कोकणात आणि पुण्याकडून कऱ्हाड-कोल्हापूरकडे जाणारी माणसे शतकानुशतके येथून गेली. याच खंडाळा तालुक्यात लोणंद आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते, ती लोणंदला मुक्कामी येते. आलेल्या माणसाला पाणी द्यावे, भाकरी द्यावी, पाठ टेकायला ओसरी द्यावी, ही रीत या भागाच्या अंगवळणी पडलेली आहे.

पण वारकरी दोन दिवसांत पुढे जातो आणि कामगार राहतो. औद्योगिक वसाहत वाढली, २०१३ मध्ये खंडाळ्याला एशियन पेंट्सचा कारखाना सुरू झाला, आजूबाजूला औषधांचे आणि वाहनांच्या सुट्या भागांचे उद्योग आले. जमिनी गेल्या, त्या पैशांतून खोल्या उठल्या, खोल्यांना भाडेकरू मिळाले. घरमालक आणि भाडेकरू हे नाते जुळले, पण त्यात बोलणे होते ते भाड्याचे, पाण्याचे आणि विजेच्या बिलाचे. त्यातच ‘स्थानिकांना आधी काम’ ही मागणी वर्षानुवर्षे तापत राहिली. मागणी पोकळ नाही. जमीन दिलेल्या घरातला आयटीआय झालेला मुलगा घरी बसतो आणि ठेकेदार बाहेरून माणसे आणतो, तेव्हा राग येणारच. तो राग ठेकेदारापर्यंत पोचत नाही. शेजारच्या खोलीतल्या पोराला ‘भैय्या’ म्हणून मारलेल्या हाकेत मात्र तो ऐकू येतो.

जुने शेजारीही तुटू शकतात, हे जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. सातारा एरवी शांत जिल्हा. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल उसळली, एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद करावे लागले. तिकडे मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात असेच घडले होते. मिरज म्हणजे मीरासाहेबांच्या दर्ग्याची, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरांची, सतारी घडवणाऱ्या कारागिरांची मिरज. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत असे होऊ शकते, तर एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्यांबद्दल निर्धास्त कसे राहायचे? दंगलीनंतर शांतता समितीची बैठक होते. तिला वडीलधारे बसतात. ज्यांच्या मोबाईलवरून आग पसरलेली असते ते अठरा-वीस वर्षांचे तरुण त्या बैठकीत नसतात.

एका पंगतीचा धडा

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर एक ग्रंथ लिहिला. दोन समूह नुसते समोरासमोर आले म्हणजे त्यांच्यातली अढी जात नाही, असे त्यांनी त्यात दाखवले. त्यासाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, काम दोघांच्या हिताचे हवे, ते एकमेकांच्या मदतीनेच पुरे व्हावे, आणि वरच्या अधिकाराचा त्याला उघड पाठिंबा हवा. जगभरचे प्रशिक्षक आजही हीच चौकट वापरतात.

या ग्रंथाच्या तीस वर्षे आधी, १९२४ मध्ये, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी एक वसतिगृह काढले होते. १९२७ मध्ये महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सगळ्या घरांतली पोरे तेथे एका छपराखाली झोपत, पाळीपाळीने स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत आणि एकाच शेतात राबत. ज्या काळात गावच्या विहिरीवर यांतल्या कित्येकांना घागर बुडवता येत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. ऑलपोर्टच्या चारही अटी तिथे रोजच्या रोज पाळल्या जात होत्या. वसतिगृह चालावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊरावांची ही कहाणी साताऱ्यात शाळकरी पोरांनाही पाठ असते.

तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात ग्रामीण भागासाठी शिक्षक घडवणारे सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज काढले. एक चांगले वसतिगृह एका माणसाच्या तळमळीवर चालते, शंभर चालवायची तर तशी माणसे तयार करावी लागतात, हा हिशेब त्यांना पक्का कळला होता. शिरवळपासून जवळच असलेल्या नायगावात १८३१ मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाईंची वाटही अशीच आहे. मुलींना शिकवण्याआधी त्या स्वतः प्रशिक्षण घेऊन शिक्षिका झाल्या. नायगावला ३ जानेवारीला गर्दी लोटते, हार पडतात, भाषणे होतात. त्यांच्या प्रशिक्षणाची आठवण त्या भाषणांत क्वचितच निघते.

पत्त्यांचा डाव

आता प्रत्यक्ष शिकवायचे काय, याकडे वळू. हे बरेचसे खेळांतून शिकवले जाते. त्यातला एक गाजलेला खेळ चेन्नईत जन्मलेल्या शिवसैलम त्यागराजन यांनी १९८० मध्ये लायबेरियात तयार केला. ते तेव्हा बान्गा नावाच्या गावी काम करत होते आणि खेळाचे ‘बार्न्गा’ हे नाव त्या गावावरूनच पडले. आता तो अनेक देशांत खेळला जातो.

चार-पाच गट करायचे. प्रत्येक गटाला थोडे पत्ते, एक्क्यापासून सत्तीपर्यंतचे, आणि नियमांचा एक कागद द्यायचा. नियम वाचून झाले, एक-दोन डाव खेळून झाले की कागद काढून घ्यायचा. त्यानंतर बोलायला बंदी. खुणा करा, चित्रे काढा, शब्द मात्र नाही. ठरलेल्या वेळेने जिंकणारा पुढच्या गटात जातो, हरणारा मागच्या. खेळणाऱ्यांना एक गोष्ट सांगितलेली नसते. प्रत्येक गटाचा कागद जरा वेगळा असतो. एकीकडे एक्का सगळ्यांत मोठा, दुसरीकडे सगळ्यांत लहान. कुठे चौकट हुकूम, कुठे इस्पिक, कुठे हुकूमच नाही.

गट बदलला की गंमत सुरू होते, आणि थोड्याच वेळात ती गंमत राहत नाही. नवा आलेला एक्का टाकून हात ओढायला जातो, तर समोरचा सत्तीने तोच हात उचलतो. पहिला विचार मनात येतो तो ‘हा लबाडी करतोय’ असा. दुसरा येतो ‘याला खेळ समजलेला नाही’. नियमच वेगळे असतील हे फार थोड्यांना सुचते, आणि ज्यांना सुचते त्यांतले बरेच जण बहुमतापुढे गप्प बसतात. जो मूळचा त्या गटातला असतो तो आपला नियम रेटतो, आलेला मान खाली घालतो. कारखान्यातला पहिला महिना कुणी इतक्या नेमकेपणाने समजावून सांगू शकणार नाही. हा खेळ नुसत्या पत्त्यांवर होतो, त्याला वीज लागत नाही, पडदा लागत नाही, आणि बोलायला बंदी असल्याने भोजपुरी, उडिया, मराठी असा भेदही उरत नाही. शिरवळसाठी पहिला खेळ निवडायचा तर हाच निवडावा.

युरोपीय परिषदेने २००२ मध्ये काढलेल्या ‘कंपास’ या पुस्तकातला ‘एक पाऊल पुढे’ हा खेळ याच्या उलट, जपून हाताळावा लागणारा. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते, त्यात एक भूमिका. आपल्याकडे हा खेळ घेताना चिठ्ठ्या बदलाव्या लागतात. ऊसतोड कामगाराची मुलगी, सरपंचाचा पुतण्या, ठेकेदाराकडचा कामगार, डॉक्टरांची मुलगी, पालावर राहणारा मुलगा. सगळे एका रेषेत उभे राहतात. मग एकेक वाक्य वाचले जाते. ‘पोलिसांना पाहून मला भीती वाटत नाही.’ ‘आजारी पडलो तर रजेचे पैसे कापले जात नाहीत.’ ज्याच्या भूमिकेला ते लागू पडते तो एक पाऊल पुढे टाकतो. वीसेक वाक्यांनंतर काही जण भिंतीला टेकलेले असतात आणि काही जण पहिल्या रेषेवरच.

येथे कच्चा कार्यकर्ता घात करू शकतो. एखाद्याच्या हातात त्याच्याच आयुष्याची चिठ्ठी पडली तर सगळ्यांसमोर मागे उभे राहणे हा त्याच्यासाठी खेळ नसतो. म्हणून चिठ्ठ्या वाटण्याआधी आलेल्यांची माहिती हवी, कुणालाही चिठ्ठी परत करता आली पाहिजे, आणि शेवटी प्रत्येकाने स्वतःचे नाव मोठ्याने सांगून भूमिकेतून बाहेर यायचे, हा नियम चुकवता कामा नये. पुस्तक वाचून खेळ घेता येतो. ही सावधगिरी मात्र अनुभवी माणसाच्या शेजारी बसून, तो काय करतो ते पाहूनच अंगी येते.

खेळानंतरचा तास

आपल्या शिबिरांची एक जुनी सवय या कामाच्या आड येते. पहाटे उठणे, श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी खेळ, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, हा साचा राष्ट्र सेवा दलापासून राष्ट्रीय सेवा योजनेपर्यंत सगळीकडे दिसतो आणि त्याने महाराष्ट्राला कार्यकर्त्यांच्या पिढ्या दिल्या आहेत. पण बौद्धिकात पाहुणा तासभर बोलतो, पोरे ऐकतात, शेवटी दोन प्रश्न येतात आणि आभार होतात. खेळ हा करमणुकीचा भाग समजला जातो. आंतरसांस्कृतिक शिबिरात सगळा भर खेळानंतरच्या चर्चेवर असतो आणि तिथे पाहुण्याची गरजच नसते. खेळ तीस मिनिटांचा असेल तर चर्चा तासाची हवी.

त्या तासाचा एक क्रम असतो. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याची जी फेरी मांडली, तिच्यावर तो बेतलेला आहे. आधी काय घडले ते विचारायचे, मग काय वाटले ते. त्यानंतर असे बाहेर कुठे पाहिले, आणि सगळ्यांत शेवटी आता काय करू. पायरी गाळली की चर्चा घसरते. वाटलेले बोलून होण्याआधीच ‘मग आपण यातून काय शिकलो?’ असे विचारले की पोरे हुशार आहेत, सरांना हवे ते उत्तर देऊन टाकतात. ‘आपण सगळे एक आहोत.’ टाळ्या पडतात आणि ज्याला मघाशी लबाड ठरवले होते त्याचा राग तसाच खोलीवर जातो.

सगळ्यांत कठीण काम म्हणजे गप्प बसणे. प्रश्न विचारल्यावर पंधरा सेकंद शांतता पसरली की नवा कार्यकर्ता घाबरतो आणि स्वतःच उत्तर देतो. प्रशिक्षणात म्हणून प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटांचे सत्र स्वतः घ्यायला लावतात. बाकीचे शिबिरार्थी होतात, एक जण मागे बसून नोंद करतो. किती वेळा मध्ये तोंड घातले, कुणाकडे पाहून बोलला, मुलींना किती वेळा विचारले, कोपऱ्यातल्याकडे नजर गेली का. नंतर ती नोंद सगळ्यांसमोर वाचली जाते. ज्याने चार वर्षे व्यासपीठ गाजवले आहे त्याला हे फार जड जाते. वक्तृत्वाची पारितोषिके मिळवलेली पोरे या कामात सुरुवातीला मागे पडतात आणि कबड्डीचा संघ सांभाळलेली पुढे जातात, कारण कोण दमले, कोण रुसले, हे त्यांना न सांगता कळते.

युरोपात या कामाला संस्थांची भक्कम साथ मिळाली. दोन महायुद्धे लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने १९६३ मध्ये मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांचे एक संयुक्त युवक कार्यालय उभे केले. ते आजही मुलांच्या भेटी घडवते आणि त्या घडवणाऱ्या कार्यकर्त्यांना तयार करते. युरोपीय परिषदेने स्ट्रासबर्गला १९७२ मध्ये आणि बुडापेस्टला १९९५ मध्ये युवक केंद्रे काढली. सरकारे बदलली तरी तेथली प्रशिक्षणे थांबली नाहीत.

पसरणी घाट चढून

शिरवळहून खंबाटकी घाट ओलांडायचा, सुरूर फाट्याला वळायचे, वाईवरून पसरणी घाट चढायचा, की पाचगणी. तेथे राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र १९६८ पासून चालू आहे. उजाड माळावर झाडे लावून त्यांनी तो परिसर हिरवा केला. शाळकरी मुले, महाविद्यालयीन तरुण, कारखान्यांतले कामगार आणि व्यवस्थापक, सरकारी अधिकारी, परदेशी पाहुणे अशी नाना तऱ्हेची माणसे तेथे निवासी कार्यक्रमांना येतात. दिवसातला काही वेळ शांत बसून मनात येईल ते लिहायचे आणि वाटले तर गटात सांगायचे, ही तिथली खास पद्धत. इतक्या जवळ इतका अनुभव साठलेला आहे. शिरवळच्या पोरांनी त्याचा लाभ घ्यायला हवा.

दुसरी वाट साने गुरुजींची. इस्लामपूरचे आचार्य जावडेकर अध्यक्ष असलेल्या १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात गुरुजींनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. एका प्रांतातल्या तरुणांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथे जाऊन राहावे, तिथले साहित्य आपल्या भाषेत आणावे. पुढच्याच वर्षी गुरुजी गेले, पण यदुनाथ थत्ते आणि इतरांनी ते बीज जपले. बाबा आमटे १९८५ च्या डिसेंबरात शंभराहून अधिक तरुणांना घेऊन ‘भारत जोडो’साठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, तेव्हा सायकलवरच्या या पोरांनी पाच हजारांहून जास्त किलोमीटर वाटेत गावोगावी मुक्काम केले. एस. एन. सुब्बराव यांच्या बाल-युवक शिबिरांत परप्रांतातली मुले यजमान गावातल्या घरांत राहायला जात. ज्या घराने तमिळ मुलीला आठवडाभर जेवू घातले, त्या घरात तमिळनाडू हा नकाशावरचा रंग राहत नाही.

सरकारी योजनाही आहे. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’मध्ये महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. महाविद्यालयांतून ओडिशाचे नृत्य, ओडिशाचे पदार्थ असे कार्यक्रम त्यामुळे होतात. एखाद्या महाविद्यालयाने शेजारच्या खोल्यांतून राहणाऱ्या उडिया कामगारांना त्या दिवशी बोलावून, तुमच्या गावाकडे रजो सण कसा करतात, असे विचारावे. त्या एका प्रश्नाने योजनेचा हेतू जितका साधेल तितका गुगलवरून उतरवलेल्या तक्त्यांनी साधणार नाही.

ज्यांना हे आधीच येते

प्रशिक्षक शोधायला फार लांब जायला नको. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई बांधव सोन्या-चांदीच्या शुद्धीकरणासाठी देशभर गेले. दुष्काळाने गाव सोडायला लावले आणि तमिळनाडू-केरळपासून पंजाब-बंगालपर्यंत त्यांनी दुकाने थाटली. त्यांची मुले तिकडच्या शाळांत तमिळ, मल्याळम शिकली आणि यात्रेला विट्याकडे येऊन मराठीत भांडली. परक्या गावात भाड्याची खोली कशी मिळते, पोलीस ठाण्यात कुणाला न्यावे लागते, सणाला एकटे वाटते तेव्हा काय करतात, हे ज्यांनी भोगले आहे असा विटेकर तरुण शिरवळच्या गोलात बसला तर पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही घोळके त्याचे होतील. स्थानिकांच्या दृष्टीने तो आपला, आणि आलेल्यांच्या दृष्टीने तो त्यांच्यासारखाच घर सोडलेला.

जत तालुक्यात कन्नड आणि मराठी एकाच उंबऱ्यात नांदतात. तेथे जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि बाजारात एकाच सौद्यात दोन्ही भाषा चालतात. सीमाप्रश्नाचे राजकारण दर काही वर्षांनी पेटते तेव्हाही हा बाजार भरतो. अशा घरातली मुलगी सहज दुभाषाचे काम करते. दोन माणसांमध्ये उभे राहून दोघांचेही खरे सांगायचे, हे तिला लहानपणापासून करावे लागलेले असते. शिरवळच्या मराठी शाळांत शिकणारी स्थलांतरितांची मुलेही आज तेच करतात. दवाखान्यात आईचे दुखणे डॉक्टरांना मराठीत सांगतात, बँकेत वडिलांचा अर्ज भरतात. ही मुले सोळा-सतरा वर्षांची होतील तेव्हा त्यांनाच गट चालवायला बसवावे.

यात बायकांची गाठ सर्वांत अवघड. पुरुष निदान कंपनीत एकमेकांना पाहतात. नवऱ्यामागे आलेली तरुण बाई दिवसभर दहा बाय दहाच्या खोलीत असते आणि मालकिणीशी तिचे बोलणे नळाच्या वेळेपुरते. अंगणवाडी ही एकच जागा अशी आहे जिथे दोघी रोज येतात. अंगणवाडी सेविकेला या कामात घेतल्याशिवाय अर्धे गाव बाहेरच राहील.

पाळी सांभाळून

शिरवळला आज लागणारी सामग्री फार नाही. गावात क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे राज्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून विद्यार्थी येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिरही असते. त्यातले दोन दिवस खेळ आणि चर्चा चालवायला शिकण्यासाठी राखले तर पहिली तुकडी तयार होते. तिच्यात निम्मे विद्यार्थी आणि निम्मे तरुण कामगार घ्यावेत, आणि प्रत्येक सत्र दोघांनी मिळून चालवावे. एक इथला, एक बाहेरून आलेला. नुसत्या विद्यार्थ्यांनी कामगारांना शिकवायचे ठरले तर दर्जा सारखा राहत नाही आणि पहिल्याच दिवशी सगळे फसते.

तुकडीबाहेरच्या कामगारांना निवासी शिबिर झेपणार नाही. पाळ्या आठवड्याला बदलतात आणि ओव्हरटाइम सोडवत नाही, कारण घरी पाठवायचे पैसे त्यातूनच निघतात. म्हणून तीन-तीन तासांच्या बैठका, दोन वेगवेगळ्या वेळी, म्हणजे रात्रपाळीवाल्याला सकाळची सापडेल आणि दिवसपाळीवाल्याला संध्याकाळची. जागा देवळाची किंवा मशिदीची नको, कंपनीच्या कॅन्टीनची तर नकोच. शाळेचा व्हरांडा चालेल. जेवण बाहेरून मागवायचे नाही. दोघादोघांनी मिळून रांधायचे, आणि चूल पेटवण्याआधी कुणाला काय चालत नाही ते विचारून घ्यायचे.

वेतनाचा आणि ठेकेदारीचा विषय या बैठकांत निघणार. तो दाबायचा नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला आणि अशा कामगारांच्या हक्कांची माहिती इथल्या मुलालाही हवी, कारण बाहेरच्याला कमी पैशांत राबवता आले नाही तर ठेकेदाराला स्थानिकाला डावलण्याचे कारण उरत नाही. कार्यकर्त्याला एवढा कायदा ठाऊक असलाच पाहिजे, नाही तर त्याच्या सलोख्याच्या गोष्टींवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

उरतो खर्च. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामासाठी द्यावे लागतात. असा पैसा बहुधा वर्गखोल्या, पाण्याच्या टाक्या, संगणक यांवर जातो. ते हवेच आहे. त्यातला थोडा भाग सहा कार्यकर्त्यांच्या वर्षभराच्या मानधनासाठी, पाचगणीच्या एका प्रशिक्षणासाठी आणि बैठकीला येण्यामुळे ज्यांचा ओव्हरटाइम बुडेल त्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढता येईल. ग्रामपंचायतीने, महाविद्यालयाने आणि कंपन्यांनी एकत्र बसून ही भरपाई आधी ठरवावी, आणि मगच कामगारांच्या खोल्यांवर निमंत्रण घेऊन जावे.